नालबंदाचं लांबलेलं आयुष्य

"...आणि त्याच क्षणी त्याची तलवार विजेसारखी लखलखली." नोंदसाहेब थांबले. चष्मा कपाळावर ढकलत म्हणाले, "परत वीज! या लेखकाच्या घरचं बिल किती येत असेल?"

"पडू दे हो वीज. पुढे वाचा." पलंगावरून बायको म्हणाली.

"पुढे काय असणार? समोरच्याचं मुंडकं उडणार."

"मग उडवा की. त्या बिचाऱ्याला कशाला ताटकळत ठेवलंय?"

नोंदसाहेबांनी मुंडकं उडवलं. ते जिन्यावरून गडगडत खाली गेलं आणि खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या आणखी दोन शिपायांना घेऊन पडलं. एका मुंडक्यात तीन माणसं. अशी काटकसर नोंदसाहेबांनी आपल्या खात्यातसुद्धा पाहिली नव्हती.

त्यांचं खातं पाणीपुरवठ्याचं. तिथल्या तक्रार विभागात हेडक्लार्क म्हणून त्यांनी नोकरी काढली. 'आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे' हे वाक्य त्यांनी इतक्या लोकांना लिहून पाठवलं, की शहरातल्या अर्ध्या नळांना पाणी नसलं तरी प्रत्येक घरात नोंद पोचलेली असे. त्यावरून हाताखालच्यांनी त्यांचं नाव नोंदसाहेब पाडलं आणि निवृत्तीनंतर ते नाव त्यांच्याबरोबर घरी आलं. त्यांना त्याचा राग नव्हता. उलट त्या वाक्याचा थोडा अभिमानच होता. समोरचा माणूस रागावत नाही, आशा सोडत नाही आणि त्याला कळत तर काहीच नाही, असं दुसरं वाक्य त्यांच्या माहितीत नव्हतं.

पण त्यांची खरी प्रतिष्ठा होती ती वाचक मंडळात. महिन्यातून एकदा तिथे सात-आठ निवृत्त माणसं जमत आणि ज्यांत काहीच घडत नाही अशा कादंबऱ्यांवर बोलत. एखादा माणूस पहिल्या पानावर खिडकीपाशी उभा राहतो आणि शेवटच्या पानावर खिडकी बंद करतो, असं काही असलं की नोंदसाहेबांचे डोळे पाणावत. 'कथानक ही वाचकाला दिलेली लाच आहे' या विषयावर त्यांनी मंडळात तासभर व्याख्यान दिलं होतं. ज्या पुस्तकात भुयार आहे ते पुस्तक साहित्यात मोडत नाही, हा त्यांचा सिद्धान्त मंडळात बऱ्यापैकी गाजलेला होता.

आता त्यांच्या मांडीवर जे पुस्तक होतं त्यात चार भुयारं होती. पाचव्याची लक्षणं दिसत होती.

मुखपृष्ठावर दोन पायांवर उभा राहिलेला घोडा, घोड्याखाली दरी, दरीवर चंद्र. वाचनालयात पुस्तक घेताना नोंदसाहेबांनी काउंटरवरच्या बाईंना न विचारताच सांगितलं होतं, "बायकोसाठी आहे." दारूच्या दुकानात शिरलेला माणूस 'औषधाला हवी आहे' म्हणतो त्या आवाजात. पण ते खरंच होतं. साखरेने बायकोची नजर नेली होती. समोर माणूस आहे की कपाट, एवढंच तिला कळे. आणि आता आजार डोळ्यांवरून खाली उतरून मूत्रपिंडांपर्यंत पोचला होता. इस्पितळातून घरी आल्यावर तिने काही मागितलं असेल तर ते हे पुस्तक. नावासकट.

"हे तुला कुठून कळलं?" नोंदसाहेबांनी विचारलं होतं.

"ऐकलं होतं कधीतरी. चांगलं आहे म्हणे."

गोष्ट सांगायला सोपी होती. गादीवर तोतया बसलाय. खरा वारस एका मेंढपाळाच्या झोपडीत वाढलाय आणि आता राजधानीकडे निघालाय. बरोबर हकालपट्टी झालेला एक म्हातारा सरदार, पुरुषाचा वेश घेतलेली एक मुलगी आणि घोड्यांना नाल ठोकणारा एक जाडा नालबंद. मुलीला सगळ्या राज्यात एकही माणूस ओळखत नाही, कारण तिने पागोटं घातलंय. खलनायक खोलीत शिरताना हसतो, बाहेर पडताना हसतो आणि मधल्या वेळात गडगडाटी हसतो. नोंदसाहेबांना एकच प्रश्न पडे, हा माणूस राज्यकारभार कधी करतो?

फक्त तो नालबंद. तो सारखा भुकेला असे. त्याला उंचीची भीती होती, त्यामुळे गडकोटांच्या गोष्टीत त्याचे फार हाल चालले होते. प्रत्येक मोहिमेच्या आधी तो एकच कुरकूर करी, "राजे तुम्ही होणार, आणि उपाशी मी मरणार." हे वाक्य आलं की बायको हसे. इस्पितळातून आल्यापासून ती दुसऱ्या कशालाच हसली नव्हती. मेहुणीने आणलेल्या विनोदी गोष्टींनाही नाही आणि नोंदसाहेबांच्या विनोदांना तर कधीच नाही.

इस्पितळातल्या शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी नोंदसाहेबांना व्हरांड्यात बोलावून घेतलं होतं. डॉक्टर वयाने मुलासारखे. त्यांनी हात पांढऱ्या कोटाच्या खिशात घातले, मग बाहेर काढले. "आता आपल्या हातात फारसं राहिलेलं नाही," ते म्हणाले. "उगाच सुया टोचत बसण्यापेक्षा घरी न्या. दुखणार नाही एवढं आपण बघू. आणि काका... फार लांबचे बेत करू नका."

नोंदसाहेब खोलीत परतले तेव्हा बायको पाठीशी उशी घेऊन बसली होती.

"काय म्हणाले?"

"प्रगती समाधानकारक आहे म्हणाले. विश्रांती हवी."

"बरं," बायको म्हणाली.

पुस्तक अर्ध्यावर आलं आणि नोंदसाहेबांच्या वागण्यात फरक पडला. तो त्यांनी कुणालाही कळू दिला नाही. वाचक मंडळाला तर नाहीच. बायको दुपारी झोपली की ते पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात जात. लेखकाची हातचलाखी तपासावी, एवढाच हेतू. माणूस दरीच्या काठावर लोंबकळत असताना हा प्रकरण संपवतो कसा, आणि आपण पान उलटतो का? हा प्रश्न त्यांना शास्त्रीय वाटू लागला होता.

त्या दुपारी त्यांनी दूध गॅसवर ठेवलं आणि पुस्तक उघडलं. पाठलाग चालू होता. दरीवर लाकडी पूल. वारस, सरदार आणि मुलगी पलीकडे पोचतात. मागून तोतयाचे घोडेस्वार येतायत. आणि ज्याला शिडीवर चढतानासुद्धा घेरी येई तो नालबंद पुलाच्या मधोमध थांबतो, खाली बसतो आणि हातोडीने पुलाच्या खुंट्या ठोकून काढू लागतो. सवयीने ठोकतो, नाल ठोकावा तसा, तीन हलके आणि एक जोराचा. वारस पलीकडून ओरडतो. नालबंद मान वर न करता म्हणतो, "माझं ताट वाढून ठेवा."

मग पूल जातो.

दूध उतू गेलं, ओट्यावरून खाली आलं, नोंदसाहेबांच्या चपलेपर्यंत आलं. "भावनिक पिळवणूक," ते मोठ्याने म्हणाले. "अत्यंत स्वस्त." मग त्यांनी गॅस बंद केला, फडका घेतला आणि ओटा पुसता पुसता त्याच फडक्याने डोळे पुसले, त्यामुळे चेहऱ्याला बराच वेळ दुधाचा वास येत राहिला.

ओटा पुसून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, हे संध्याकाळी वाचून दाखवायचंय.

संध्याकाळी ते खुर्चीत बसले. बायकोने सवयीप्रमाणे मान त्यांच्या दिशेने वळवली. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकत होती, ती तिने पुन्हा खाली ओढली. नोंदसाहेबांनी पाठलाग वाचला. पूल वाचला. नालबंद पुलाच्या मधोमध आला. नोंदसाहेबांनी घसा साफ केला.

"आणि नालबंद," ते वाचू लागले, "धापा टाकत पुलाच्या पलीकडच्या टोकाला... सुखरूप पोचला."



"पोचला?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"पोचला. घामाघूम झाला होता, पण पोचला."

"बरं झालं," ती म्हणाली. "पुढे?"

हे एक वाक्य बदलून भागेल अशी नोंदसाहेबांची समजूत होती. आयुष्यभर त्यांचं एका वाक्यात भागलं होतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांना कळलं की कथानक हे नळाच्या पाइपासारखं असतं. एका ठिकाणी चावी फिरवली की पार दुसऱ्या मजल्यावर धार जाते. पुढच्या प्रत्येक पानावर नालबंद नव्हता, आणि प्रत्येक पानावर तो आता त्यांना आणून बसवावा लागत होता. तिघं गवताच्या गाडीत लपले की चौथ्याला जागा करा. तीन ताटं आली की चौथं मागवा. शिवाय लेखकाने बाकीच्यांना दुःखी करून ठेवलेलं. वारस रात्री एकटाच बसून रडतो. आता का रडतो? नोंदसाहेबांना ऐन वेळी काही सुचेना.

"वारसाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं," त्यांनी वाचलं आणि क्षणभर थांबून भर घातली, "त्याला सर्दी झाली होती."

पुढच्या प्रकरणात सरदाराचा कंठ दाटला. त्यालाही सर्दी. मुलगी हुंदके देऊ लागली तेव्हा त्या सगळ्या तुकडीत साथच पसरली होती. बायकोला एवढ्या जोराचा खोकला आला की नोंदसाहेबांना पुस्तक ठेवून पाणी आणावं लागलं.

ते आता दुपारी कच्चं काम करू लागले. समासात पेन्सिलने नालबंदाच्या जागा आखून ठेवत. वाचनालयाचं पुस्तक होतं, पण इलाज नव्हता. ज्या लेखकाला त्यांनी लाच देणारा ठरवलं होतं तो हे सगळं एकट्याने, कुणाचं आयतं पुस्तक पुढ्यात नसताना करत होता, हे त्यांना हळूहळू जाणवू लागलं. तलवारी विजेसारख्या चमकवणं वाईटच. पण जाड्या माणसाला भुयारात नेऊन परत बाहेर काढणं सोपं नव्हतं. नोंदसाहेबांचा नालबंद एकदा आत अडकला तो दोन दिवस निघेना.

एका संध्याकाळी मेहुणी सूप घेऊन आली आणि वाचन ऐकत बसली. नालबंद वारसाशी बोलत होता.

"'महाराज,' नालबंद म्हणाला, 'सदर बाबतीत घाई करणे उचित होणार नाही. घोड्यांच्या प्रकृतीचा विचार करून योग्य तो निर्णय यथावकाश घेण्यात यावा.'"

"अगंबाई!" मेहुणी म्हणाली. "नालबंद आहे की कोर्टातला कारकून? भाऊजी, नीट वाचताय ना?"

"छापलंय तेच वाचतोय," नोंदसाहेब म्हणाले.

"पण ताई, हा तर..."

"तू गप गं," बायको म्हणाली. "तुला काय कळतंय त्यातलं? सूप दे इकडे."

सूप तिने दोन चमचे घेतलं. त्या आठवड्यात ती एवढंच खात होती. दिवसातून दोनदा वाचायचं ते आता एकदाच होऊ लागलं, आणि त्यातही मध्येच तिचा डोळा लागे. ती जागी होईपर्यंत नोंदसाहेब बोट पानात ठेवून बसून राहत. पुस्तकाची डावी बाजू जाड होत चालली होती आणि उजवी बारीक. मग नोंदसाहेबांनी नवीन उद्योग काढला. गोष्ट लांबवायचा. वाटेत नसलेल्या नद्या घातल्या. एक जत्रा घातली. नालबंदाला आजारी पाडून बरा केला. ज्या माणसाला पुस्तकात काही घडलेलं खपत नसे, तो आता तुकडीला राजधानीत पोचू देईना. असं आपण का करतोय हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर तक्रारीची नोंद घेतली असती.

एका सकाळी नर्स येऊन इंजेक्शन देऊन गेली. बायको बऱ्यापैकी जागी होती. नोंदसाहेबांनी संधी साधून पुस्तक उघडलं आणि तुकडीला नदीकाठी मुक्कामाला उतरवलं. नालबंद मासे भाजायला बसला. मासे चांगलेच भाजले जाऊ लागले. नोंदसाहेबांना आता हात बसला होता.

"अहो, थांबा जरा."

"पाणी देऊ?"

"नको. त्याला आता जाऊ द्या."

"कुणाला?"

"नालबंदाला हो. किती राबवाल त्याला? दमला असेल तो." ती थांबली. "तुम्हीही दमलाय."

नोंदसाहेबांनी पान उलटलं, परत फिरवलं. "अगं, त्याचं अजून गडावर काम आहे. गडाचा दरवाजा तो..."

"तो पुलावरच गेला ना. मला माहितेय."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती.

"तुझ्या धाकट्या बहिणीने सांगितलं?"

"ती कशाला सांगतेय? लग्नाआधी मी टेलिफोन एक्स्चेंजला होते तेव्हाचं पुस्तक आहे हे. दुपारी लाइन रिकाम्या असायच्या. दुसऱ्या गावच्या एक्स्चेंजवर एक मुलगी होती, ती तिकडून वाचायची आणि आम्ही सगळ्याजणी कानाला हेडफोन लावून ऐकायचो. वरच्या बाईंना वाटायचं, काय कामसू पोरी आहेत." ती हसली. "तिला आम्ही कधी बघितलंसुद्धा नाही. पण वाचायची काय! नालबंद गेला त्या दुपारी कुणी कुणाला जोडलं, कुणाला पत्ता नाही. एका खाटकाची लाइन जज्जसाहेबांच्या घरी लागली. दोघं बराच वेळ बोलत होते म्हणे."

"मग मला कधी बोलली नाहीस ती?"

"घेतलं होतं मी ते विकत. लग्नात माझ्या ट्रंकेत होतं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही तुमच्या मित्रांना सांगत होतात, भुयारं असलेली पुस्तकं माणसाने वाचूच नयेत, डोक्याला गंज चढतो. सगळे हसले. मी चहा घेऊन उभी होते." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रारी ओळखणं हे नोंदसाहेबांचं कामच होतं, पण त्यांना ती कुठे सापडली नाही. "मग धाकटीला देऊन टाकलं."

नोंदसाहेबांनी चष्मा काढला. चाळीस वर्षांत त्यांनी तिच्याकडून पुस्तकाबद्दल एक शब्द ऐकला नव्हता आणि तिला वाचनाची आवड नाही असं ते लोकांना, थोडं कौतुकानेच, सांगत आले होते.

"सगळं माहीत होतं," ते शेवटी म्हणाले, "तरी इतके दिवस ऐकत बसलीस?"

"मजा येत होती. माझ्यासाठी कुणी कधी गोष्ट रचली होती? आणि ती सर्दी!" हसता हसता तिला पुन्हा तो खोकला आला. नोंदसाहेबांनी तिच्या मानेखाली हात घालून पेला ओठाला लावला. मान किती हलकी झाली होती. खोकला थांबला तशी ती म्हणाली, "आता मागे जा. पूल काढा. आहे तसा वाचा."

नोंदसाहेबांनी पूल काढला. पेन्सिलच्या खुणा तिथूनच सुरू होत होत्या. इतके दिवस ते वाचताना विशेषणं गाळत आले होते. आज एकही गाळलं नाही. दरी भीषण होती ती भीषण वाचली, काळीज फाटलं ते फाटू दिलं. तीन हलके ठोके आणि एक जोराचा. बायकोचं बोट चादरीवर त्याच तालात हललं. ताट वाढून ठेवा म्हणायची वेळ आली तेव्हा तिचे ओठ त्यांच्या आधीच हलले. पूल गेला. नोंदसाहेबांचा आवाज पुलाबरोबर जरा खाली गेला, पण त्यांनी प्रकरण शेवटपर्यंत नेलं.

तिने मिटलेले डोळे पुसले. मग म्हणाली, "आता डॉक्टर काय म्हणाले ते सांगा."

नोंदसाहेबांच्या तोंडात वाक्य तयार होतं. ते समाधानकारक होतं.

"जसं म्हणाले तसं," ती म्हणाली. "मधे नालबंद घालू नका."

त्यांनी सांगितलं. वेळ लागला नाही. डॉक्टरांची वाक्यं लहान होती. हात खिशातून काढले होते तेही सांगितलं. लांबचे बेत करू नका म्हणाले, तेही. ती मान किंचित कलती ठेवून ऐकत होती. एक्स्चेंजवर ती अशीच ऐकत असणार, दुसऱ्या टोकाचा आवाज बारीक येत असला की.

"दुखेल का?"

"दुखू देणार नाही म्हणाले."

"हे डॉक्टर म्हणाले की तुम्ही?"

"डॉक्टर."

"बरं." तिने हात चादरीवरून सरकवत आणला. नोंदसाहेबांनी तो धरला. तो धरून पुस्तक सांभाळणं अवघड होतं, पण त्यांनी ते गुडघ्यावर टेकवून जमवलं.

"मग पुढचं वाचा," ती म्हणाली. "नदी नको, जत्रा नको."

पुढचं प्रकरण त्यांनी आधी एकदा वाचून दाखवलं होतं. त्या वेळी पहिल्याच ओळीला त्यांनी नालबंदाला हाक मारून बोलावलं होतं आणि काम करून घेतलं होतं. या वेळी कुणाला बोलावलं नाही. पहाटे तुकडी निघाली तेव्हा वारसाच्या घोड्याच्या पुढच्या पायाचा नाल निखळला होता. सरदाराने वाकून पाहिलं, मुलीने पाहिलं. तो ठोकता येईल असं त्यांच्यात कुणी नव्हतं. वारस खाली उतरला. त्याने लगाम हातात घेतला आणि घोड्याच्या चालीने, सावकाश, पायी चालू लागला.